गंगापूरच्या पाण्यावर किती घोडे?

गंगापूर धरणावर स्पीड बोटीची फेरी मारून उतरलेल्या कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो. बोट सुरू होताना नाक वर करते, मागे पाण्याची पांढरी रेघ उठते, दोन वळणे होतात आणि हौस फिटायच्या आत धक्का येतो. मग कुणी तरी विचारतेच, ‘याला मोठे इंजिन बसवले तर?’

नाशिकमध्ये हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या ‘मायको’त, डिझेल इंजिनांचे इंजेक्टर गेली पाच दशके तयार होत आहेत. महिंद्राच्या गाड्या इथल्या कारखान्यातून निघतात आणि त्यांची इंजिने इगतपुरीला बनतात. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिग झाले, सुखोई झाले. विमान नाशिकचे आणि इंजिन ओडिशातल्या कोरापूटचे, अशी तिथली जुनी वाटणी. सातपूर-अंबडच्या गाळ्यांत सिलिंडर बोअर करणारे, क्रँक ग्राइंड करणारे, हेड फेस करून देणारे हात आहेत. तेव्हा इंजिन वाढवता येते का, याचे उत्तर ‘येते’ असेच आहे. पण वाढलेली ताकद जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा बराचसा भाग सिलिंडरच्या बाहेर सुटतो.

सुरुवात हवेपासून करावी लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ असते. बोटीच्या इंजिनांची ताकद कंपन्या मोजतात ती २५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीजवळचा हवेचा दाब धरून. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीकडे गेला, की हवा आणखी पातळ होते. इंजिनावर १०० अश्वशक्ती असा आकडा छापलेला असला, तरी गंगापूरच्या पाण्यावर त्यातले आठ-दहा घोडे सुरुवातीलाच गैरहजर असतात. मालवणला उत्तम पळणारी बोट नाशिकला आणली, की जडावल्यासारखी वाटते, याचे कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या म्हातारपणात नसते. टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाला हा फटका कमी बसतो, कारण ते हवा दाबूनच आत घेते.

दुसरी गोष्ट पाण्याची. तरंगत्या पाटासारखी पाण्यावर चढून घसरत जाणारी बोट किती पळेल, याचा एक जुना ठोकताळा नौका बांधणारे वापरतात. क्राउचचे सूत्र असे त्याचे नाव. त्याचे सार असे, की वेग हा ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आकड्यांत पाहिले की मौज कळते. माणसांसकट १,००० किलोची साधी स्पीड बोट ५० अश्वशक्तीवर ताशी ४३-४४ किलोमीटर जाईल. १०० वर ती ६१-६२ जाईल. २०० घोडे लावले तर ८७. म्हणजे इंजिन दुप्पट करून वेग दीडपटही होत नाही. शिवाय २०० चे इंजिन १०० च्या इंजिनापेक्षा पन्नास-साठ किलो जड असते, त्यामुळे ८७ चे ८५ होतात. पेट्रोल मात्र वर्गमूळ वगैरे पाहत नाही. पूर्ण थ्रॉटलवर दर दहा घोड्यांना तासाला सुमारे पावणेचार लिटर, हा मोटरबोटवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. १०० घोड्यांना अडतीस लिटर, २०० ना पंचाहत्तर.

हेच सूत्र उलटे धरले तर ते हौशी माणसाच्या बाजूने बोलू लागते. त्याच बोटीतून दीडशे किलो उतरवले, तर वेग साडेआठ टक्क्यांनी वाढतो. इंजिन न उघडता अठरा घोडे मिळाल्यासारखेच ते आहे. जुन्या फायबरच्या बोटींत तळाशी भरलेला फोम पाणी पितो. वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेली बोट पन्नास-शंभर किलो पाणी पोटात घेऊन फिरत असते आणि मालक इंजिनाला दोष देत असतो.

आणि पंखा. प्रोपेलरला धक्क्यावर सगळे पंखाच म्हणतात आणि या सगळ्या प्रकरणात त्याच्याइतके दुर्लक्षित दुसरे काही नसेल. बोटीला गाडीसारखे पाच गिअर नसतात. एकच गिअर, एकच पंखा आणि त्याच पंख्याने जागची बोट उचलायची आणि शेवटच्या वेगालाही न्यायची. पंख्याचा ‘पिच’ म्हणजे एका फेऱ्यात तो सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे जाईल ते अंतर. स्क्रूचा आटा लाकडात जातो तसे. १७ इंच पिच, मिनिटाला ५,५०० फेरे आणि २.०७ चे गिअर गुणोत्तर असेल, तर कागदावर ताशी ६९ किलोमीटर येतात. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने दहा-पंधरा टक्के घसरण धरायची, की राहतात साठच्या आसपास. पिच एक इंच कमी केला तर इंजिनाचे फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात. नाशिकच्या विरळ हवेत इंजिन आपल्या ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोचतच नसेल, तर ते चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीसारखे कण्हत राहते. त्याला एक-दोन इंच कमी पिचचा पंखा लावणे हा पहिला उपाय. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते, खडक वर येतात आणि पंख्याच्या पात्याची कड दुमडते. एवढ्याशा दुमडीनेही पात्यामागे पाण्याचे बुडबुडे उकळू लागतात, थरथर सुरू होते आणि वेग जातो. ते पाते ठोकून सरळ करण्याऐवजी इंजिनाचे हेड उघडणारे महाभाग कमी नसावेत.

एवढे सगळे करूनही भूक राहिली, तर मग इंजिनात हात घालायचा.

इंजिनातून जास्त ताकद काढायचे मार्ग शंभर वर्षांत फारसे बदललेले नाहीत: सिलिंडर मोठा करा, मिश्रण जास्त दाबा, श्वास मोकळा करा, फेरे वाढवा किंवा हवा कोंबा. अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तलावांवर यातला सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे शेवरलेचे ३५० घन इंचांचे, आपल्या भाषेत ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन. मर्क्युरी कंपनीने ते हजारो स्पीड बोटींत बसवले. हौशी लोक त्याचा सिलिंडर ०.०३ इंच बोअर करतात, ३.४८ इंच स्ट्रोकचा क्रँक काढून ३.७५ चा घालतात आणि ३५० चे ३८३ होते. आकारमान नऊ टक्क्यांनी वाढते, पण खरा फायदा खालच्या फेऱ्यांवरच्या टॉर्कचा. बोट पाण्यावर लवकर चढते. दाबाचे गुणोत्तर ९ वरून १० वर नेले, तर पुस्तकी हिशेबाने सुमारे तीन टक्के कार्यक्षमता वाढते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचा, धोका त्याहून पुष्कळ अधिक.

गाडीच्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री इथेच फसतो. सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जाणारी गाडी आपल्या इंजिनाच्या ताकदीचा पाव हिस्साही वापरत नसते. स्पीड बोट मात्र सुटल्यापासून थांबेपर्यंत जवळजवळ पूर्ण भाराखाली चालते. पूर्ण भरलेली गाडी घेऊन कसारा घाट चढावा आणि घाट संपूच नये, असे तिचे आयुष्य. म्हणून बोटीच्या इंजिनाचे कॅम, व्हॉल्व्ह, बेअरिंगमधल्या फटी, सगळे निराळे असते. रेसिंग गाडीतला, दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे ठेवणारा कॅम बोटीत घातला, तर इंजिन मंद चालत असताना एक्झॉस्टमधून पाणी उलटे सिलिंडरमध्ये खेचले जाऊ शकते. कारण बोटीचा एक्झॉस्ट पाण्यानेच थंड केलेला असतो. पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बंदिस्त खणात पेट्रोलची वाफ तळाशी साचते, म्हणून बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे हवेत आणि एअर फिल्टरच्या जागी ज्वाला अडवणारी जाळी हवी. गाडीचा स्टार्टर स्वस्त मिळतो आणि बसतोही चपखल. दिसायला फरक काहीच नाही. स्फोट झाल्यावर फरक कळतो.

हवा कोंबण्याचा मार्ग सगळ्यात दमदार. सी-डू या जेट स्कीवर रोटॅक्सचे १.६ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन येते. तेच आकारमान साध्या श्वासावर १३० आणि १७० घोडे देते. सुपरचार्जर लावला की २३० आणि ३०० किंवा त्याहून पुढे जाते. घरच्या गाडीपेक्षा फारसे मोठे नसलेले हे इंजिन एका माणसाच्या मांडीखाली तीनशे घोडे देते, हे ऐकून कुणाचाही जीव फिरेल. पण त्याच घराण्यातल्या जुन्या सुपरचार्जरमधल्या सिरॅमिकच्या चकत्या तुटून इंजिनात जायच्या आणि ठरावीक तासांनी तो भाग उघडून नवा करणे भाग असायचे. घोडे वाढले, की नालबंदही जास्त लागतात.

कंपन्यांनी मात्र गेल्या वीस वर्षांत ही सगळी खटपट हौशी माणसाच्या हातातून काढून घेतली. बोटीच्या पाठीला टांगायच्या आउटबोर्डची ताकद इतकी फुगली, की बोटीच्या पोटातले जुने इनबोर्ड काढून दोन-तीन आउटबोर्ड लावणे हाच सरळ रस्ता झाला. मर्क्युरीने २०२१ मध्ये ७.६ लिटरचे, बारा सिलिंडरचे, ६०० अश्वशक्तीचे आउटबोर्ड आणले आणि त्याला दोन गती असलेला गिअरबॉक्स दिला. बोटीला गिअर नसतात, ही वर सांगितलेली अडचण पैशाने सोडवली. सेव्हन मरीन नावाच्या अमेरिकी कंपनीने त्याआधीच कॅडिलॅक गाडीच्या घराण्यातले ६.२ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-८ आडवे करून आउटबोर्डच्या टोपीखाली बसवले होते. ५५७ घोडे, पुढे ६२७. व्होल्वो पेंटाने २०१७ मध्ये ती कंपनी ताब्यात घेतली आणि २०२० मध्ये तो उद्योग बंद केला. १९०९ पासून आउटबोर्ड विकणाऱ्या एव्हिनरुडचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. गाडीचे इंजिन बोटीला लावण्याचा धंदा पैसेवाल्या कंपन्यांनाही सोपा गेला नाही, याची आठवण अंबडच्या गाळ्यात कॉफी पिताना ठेवायला हरकत नाही.

तरी अंगणात बोट बांधून जग जिंकल्याचे एक उदाहरण आहेच आणि तेही धरणाच्याच पाण्यावरचे. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने सिडनीतल्या घराच्या मागे लाकडी सांगाड्याची बोट बांधली आणि लिलावात कवडीमोलाने घेतलेले वेस्टिंगहाउसचे जुने जेट इंजिन तिच्यात बसवले. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या ब्लोअरिंग धरणावर तिने ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. तो त्यानंतर मोडलेला नाही. मोडायला निघालेले दोघे, ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये, प्राणास मुकले. वॉर्बीच्या मुलाने बांधलेल्या नव्या बोटीत ब्रिस्टलचे ऑर्फियस इंजिन आहे. भारतीय वायुदलाच्या ग्नाट आणि मरुत विमानांना उडवणारे ते हेच ऑर्फियस.

आपल्याकडे वेगाच्या बोटींच्या शर्यती आल्या आणि गेल्या. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पी-१ पॉवरबोट शर्यत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कृष्णा नदीवर आंध्रातल्या अमरावतीला फॉर्म्युला वनच्या बोटी धावल्या. अडीच लिटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे ४०० घोडे, मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे. पण कोकणात इंजिनाची ताकद हा खेळाचा विषय नाही, पोटाचा आहे. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गासमोर येऊन मासळी लुटून नेतात आणि आपली गस्ती नौका त्यांना गाठू शकत नाही, ही मालवणच्या मच्छीमारांची जुनी तक्रार. त्यांच्या दृष्टीने ‘जास्त घोडे’ म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास.

बेभान घोड्यांचे काय होते, ते १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात दिसले. नौदलाच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. ती ताब्यातून गेली आणि गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जण गेले. सरावलेल्या दर्यावर्दींच्या हातून, भर दुपारी हे घडले. नवे किंवा वाढवलेले इंजिन गर्दीच्या पाण्यात तपासायचे नसते, एवढा एक नियम त्या दिवसापासून धरणांवरच्या बोट क्लबांनी भिंतीवर रंगवून ठेवायला हवा होता.

बोटीला किती इंजिन झेपेल, याचा हिशेब अमेरिकेतल्या नियमांनी फार सोपा केला आहे. वीस फुटांहून लहान आउटबोर्ड बोटीची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद बोटीचा गुणाकार ९६. स्टिअरिंग व्हील असेल आणि मागची फळी पुरेशी उंच असेल, तर ९६ ची दुप्पट करून ९० वजा करायचे. म्हणजे शंभराच्या आसपास घोडे. तीच बोट हाताच्या दांड्याने वळवायची असेल, तर मर्यादा पन्नासच्या आसपास येते. हा आकडा बोटीवर पट्टी ठोकून लिहिलेला असतो. भारतात १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला; नोंदणी, तपासणी त्याखाली येते आणि नोंदलेल्या बोटीत महत्त्वाचा फेरबदल करायचा तर तो अधिकाऱ्यांपुढे ठेवावा लागतो. इंजिन बदलून गप्प बसलेल्या मालकाला अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, हे सांगायला वकील नको.

पेट्रोलचे एक वेगळेच दुखणे सध्या उभे आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांशाने कमी, त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के घट. उलट नॉकिंगला ते चांगला विरोध करते, म्हणून दाब वाढवलेल्या इंजिनाला ते मानवते. पण बोट उभी राहिली, की इथेनॉल हवेतला ओलावा पिते. प्रमाण हाताबाहेर गेले, की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. बड्या आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपुढे इथेनॉल नको म्हणतात. निफाडच्या ऊसवाल्याला बरे वाटणारे धोरण गंगापूरच्या बोटवाल्याला पावसाळ्यात महागात पडते.

आणि शेवटी हे पाणी कुणाचे? १९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण नाशिक शहराला प्यायला पाणी देते. कार्ब्युरेटरची जुनी टू-स्ट्रोक इंजिने पाव हिस्सा इंधन न जळताच ऑइलसकट पाण्यात सोडतात. वजनाला हलकी, ताकदीला तिखट, दुरुस्तीला सोपी म्हणून ती हौशी माणसाला प्रिय. पण अमेरिकेत लेक टाहोवर १९९९ मध्येच तशा इंजिनांना बंदी झाली. गंगापूरचा बोट क्लब उभा राहिला तेव्हा पक्षी आणि पिण्याचे पाणी यांवरून हरकती निघाल्या, परदेशातून आणलेल्या बोटी बरीच वर्षे पडून राहिल्या आणि त्यांतल्या काही तापीकाठी, घोडेबाजारासाठी नावाजलेल्या सारंगखेड्याला नेल्यावरून राजकारणही झाले. घोड्यांनी घोड्यांच्याच गावी जावे, हा योगायोग नाशिककरांनी फार मनावर घेतला नाही.

विजेचा पर्याय सुचवणारे पुष्कळ आहेत. १०० घोडे तासभर पूर्ण वेगाने पळवायला सुमारे ७५ युनिट वीज लागते आणि तेवढी बॅटरी पाच क्विंटलच्या घरात जाते. क्राउचचे सूत्र पुन्हा आडवे येते: वजन वाढले, वेग गेला. पण गंगापूरची फेरी तासाची नसते. दहा मिनिटांची असते आणि मध्ये धक्क्यावर चार्जिंगला वेळ असतो. संथ फेरीच्या बोटींना आजही हे जमण्यासारखे आहे. वेगाच्या बोटीत जुने टू-स्ट्रोक काढून तेवढ्याच ताकदीचे फ्युएल इंजेक्शनवाले फोर-स्ट्रोक बसवणे, हा नाशिकसाठी सध्याचा शहाणा खर्च. सातपूर-अंबडच्या कारागिरांसाठी त्यात काम नाही, असे मुळीच नाही. सहाशे मीटर उंचीच्या हवेला आणि उन्हाळ्यातल्या उतरत्या पातळीला धरून कापलेला स्टीलचा पंखा नाशिकमध्येच का घडू नये? पंखा बदलायला लागतो अर्धा तास, एक पाना आणि एक नवी कॉटर पिन.